दिवाळी अंक: मुखपृष्ठावरची नावं आणि आतलं वाचन

नवरात्र संपत आलं की व्हॉट्सअपवर अनुक्रमणिकांचे फोटो फिरायला लागतात. ह्या अंकात कोण, त्या अंकात कोण, कुणाची दीर्घकथा, कुणाची मुलाखत, आणि ते वाचता वाचताच आपली यादी तयार व्हायला लागते. दिवाळी अंकांचे एकेकटे रिव्ह्यू भरपूर येतात, बहुतेक ओळखीतल्या लोकांनी लिहिलेले आणि बहुतेक गोड, पण दिवाळी अंक ह्या एकूण वस्तूचा रिव्ह्यू मला फारसा कुठे सापडत नाही. म्हणजे पैसे किती जातात, त्याच्या बदल्यात काय मिळतं, अनुक्रमणिका बघून जे वाटतं ते आत असतं का, आणि नसेल तर का नसतं. मी अंक वर्षानुवर्षं विकत घेतेय, लायब्ररीतून आणतेय, वाचतेय, आणि मला ह्या प्रकाराबद्दल मनापासून प्रेम आहे, म्हणूनच जरा सविस्तर लिहितेय.

आधी पैशांचं बोलू. साधारण अंक आता तीनशे ते पाचशेच्या घरात गेलाय. पाच अंक घेतले की दीड-दोन हजार सहज जातात, संच घेतला तर सवलत मिळते पण संचात तुम्हाला हवे असलेले दोन आणि नको असलेले तीन असं बरेचदा होतं. तेवढ्या पैशात चांगली तीन-चार पुस्तकं येतात हे खरंय. तरीही मी अंक घेते, कारण अंकात जे असतं ते पुस्तकात यायला कधी कधी पाच वर्षं लागतात आणि बऱ्याच गोष्टी पुस्तकात कधीच येत नाहीत.

आता ही अपेक्षा एवढी मोठी का असते ते समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. 1909 मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र ह्यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, इंग्रजी नियतकालिकांचे ख्रिसमस अंक निघायचे तसा आपल्या सणाला आपला अंक, आणि तिथून हे सुरू झालं ते शंभर वर्षं उलटून गेली तरी चालूच आहे. पुढे दीनानाथ दलालांनी 1945 मध्ये 'दीपावली' काढला, चित्रकारानेच अंक काढल्यावर मुखपृष्ठ काय असेल ते सांगायला नको. रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठं तर लोकांनी फ्रेम करून देवघराशेजारी लावली. दोघेही मूळचे गोव्याचे, आणि महाराष्ट्रातल्या कित्येक घरांत पहिलं चित्र भिंतीवर लागलं ते ह्यांच्यापैकी कुणाचं तरी. शिवाय 'मौज', 'सत्यकथा', अनंत अंतरकरांचे 'हंस', 'मोहिनी', 'नवल', मधुकर पाटकरांचा 'आवाज'. घरातल्या मोठ्यांकडून आपण ह्या सगळ्या गोष्टी ऐकत मोठे झालो, की अमक्याची कथा पहिल्यांदा दिवाळी अंकात वाचली, की आई आणि आत्या एका अंकावरून भांडायच्या. त्यामुळे आज तुम्ही चारशे रुपये मोजून अंक हातात घेता तेव्हा त्या अंकाला सगळ्या मागच्या अंकांशी स्पर्धा करायची असते, आणि ते त्याच्यावर थोडं अन्यायाचं आहे हे मलाही कळतं.

पण अंक स्वतःसुद्धा ती अपेक्षा वाढवत असतात, आणि कशाने वाढवतात तर नावांनी. मुखपृष्ठावर नावं, जाहिरातीत नावं, फेसबुकवर प्रत्येक लेखकाचा फोटो असलेलं वेगळं पोस्टर. आणि मग आतलं उघडावं तर त्या मोठ्या नावाची अडीच-तीन पानं असतात, त्यात एक पान फोटोला गेलेलं, आणि मजकूर म्हणजे त्यांनी कुठेतरी केलेलं भाषण शब्दशः उतरवलेलं किंवा येणाऱ्या पुस्तकाची प्रस्तावना. सभागृहात ऐकताना जी गोष्ट छान वाटते ती कागदावर तशीच्या तशी उतरवली की सैल होते, वाक्यं संपत नाहीत, मुद्दा तीनदा येतो, त्यावर कुणीतरी बसून काम करायला हवं असतं आणि ते झालेलं नसतं.

हे का होतं तेही सांगते. चांगल्या लिहिणाऱ्या माणसाला जून-जुलैपासून फोन यायला लागतात, एक नाही, दहा-पंधरा संपादकांचे. सगळे ओळखीचे, सगळ्यांना नाही म्हणता येत नाही. ऑगस्टमध्ये गणपतीच्या आत द्या, निदान अनंत चतुर्दशीपर्यंत तरी द्या, असं करत करत मजकूर सप्टेंबरच्या शेवटी येतो, तोवर प्रेसमध्ये सगळ्यांचीच कामं एकदम आलेली असतात, आणि अंक दसऱ्याच्या आसपास स्टॉलवर दिसला नाही तर विक्री गेली. मग आलेला मजकूर परत पाठवून "हे पुन्हा लिहा, शेवट जमला नाहीये" असं म्हणायला वेळही नसतो आणि बऱ्याच ठिकाणी तसं म्हणायची हिंमतही नसते, कारण नाव आधीच जाहिरातीत छापून झालेलं असतं. त्यात मानधनाची तऱ्हा अशी की काही ठिकाणी ते मिळतं, काही ठिकाणी फक्त अंकाची एक प्रत मिळते. फुकटात लिहून घेतलेल्या माणसाला पुन्हा लिहा म्हणणार कसं? वाचक म्हणून मला हे सगळं माहीत असायची गरज नाही असं कुणी म्हणेल, पण माहीत झाल्यापासून माझी खरेदी बदलली.

माझं स्पष्ट मत असं झालंय की दिवाळी अंक लेखकांच्या नावावर घेऊ नये, संपादकाच्या नावावर घ्यावा. लेखक तेच असतात हो, सगळीकडे तेच वीस-पंचवीस जण थोड्याफार फरकाने दिसतात. त्याच लेखकाचा एका अंकात पाट्या टाकल्यासारखा लेख असतो आणि दुसऱ्या अंकात त्याच वर्षी अक्षरशः वर्षभर डोक्यात राहील असा. फरक पडतो तो कुणी त्याला काय विचारलं ह्याने. "काहीतरी द्या ना आमच्यासाठी" असं म्हटलं की काहीतरीच मिळतं. आणि "तुम्ही सत्तरच्या दशकात गिरणगावात राहत होतात, तुमच्या चाळीत पाणी किती वाजता यायचं आणि त्यावरून काय काय व्हायचं एवढंच लिहा, पण पंधरा पानं लिहा" असं म्हटलं की वेगळंच काही हाती येतं. हा दुसरा प्रश्न विचारणारे संपादक आजही आहेत. अरुण शेवते 'ऋतुरंग'मध्ये वर्षानुवर्षं एकेक विषय धरून लोकांना त्यांच्या आयुष्याबद्दल लिहितं करतात, तिथे विषय तुम्हाला आवडो न आवडो, पण लेखकाला नेमकं काहीतरी विचारलं गेलंय हे पानापानावर कळतं.

दादरला छबिलदासच्या गल्लीत 'आयडियल'ला दिवाळीच्या आधी गेलात तर टेबलांवर अंकांचे नुसते गठ्ठे असतात, माणसं उभ्या उभ्या चाळत असतात, कुणाला कुणाची घाई नसते. हा अनुभव मी कुणालाही सुचवेन, ऑनलाइन मागवण्यापेक्षा कितीतरी चांगला, कारण हातात घेऊन पाच मिनिटं चाळलं की अर्धा निर्णय होतो. पुण्यात अप्पा बळवंत चौकात 'रसिक'मध्ये तेच. आमच्या इथे स्टेशनजवळ एक छोटा स्टॉल लागतो तिथले काका तर समोरचा माणूस बघून अंक काढून देतात. मी एकदा त्यांना विचारलं, "काका, ह्या वर्षी चांगला कुठला?" तर म्हणाले, "ताई, चांगला म्हणजे तुम्हाला वाचायचाय का पाहुण्यांसमोर टीपॉयवर ठेवायचाय ते सांगा, दोन्हीचे वेगळे आहेत." मी वाचायचाय म्हटल्यावर त्यांनी जो काढून दिला त्याचं मुखपृष्ठ अगदी साधं होतं आणि कागदही चकचकीत नव्हता, आणि त्या दिवाळीत मी सगळ्यात जास्त वेळ त्याच अंकात होते.

आता चांगल्याबद्दल, कारण दिवाळी अंक जिथे अपेक्षेच्या पुढे जातो ती जागा माझ्या मते एकच आहे आणि ती म्हणजे लांब रिपोर्ताज, म्हणजे प्रत्यक्ष जाऊन, बघून लिहिलेला वृत्तलेख. रोजच्या पेपरला ज्या विषयाला सहाशे शब्द मिळतात त्याला इथे बारा-पंधरा पानं मिळतात. लिहिणारा गावात जाऊन राहिलेला असतो, परत गेलेला असतो. ऊसतोड कामगारांवरचा असा एक लेख मी वाचलाय. 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दोघं मिळून एक कोयता धरला जातो, मुकादम पावसाळ्यातच उचल म्हणजे आगाऊ पैसे देऊन ठेवतो आणि मग ती फेडायला बीडमधली वगैरे माणसं दिवाळीच्या सुमाराला घरं बंद करून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांकडे निघतात, हे सगळं मला तुकड्या-तुकड्यांनी माहीत होतं. पण एका कुटुंबाबरोबर त्या लेखिकेने हंगामभर ये-जा केलेली, कोप म्हणजे राहायची तात्पुरती झोपडी कशी बांधतात, गाडी भरायला पहाटे किती वाजता उठवतात, पोरांच्या शाळेचं काय होतं, आजारी पडून खाडा झाला तर मुकादम किती कापतो. असा लेख मासिक छापू शकतं का? छापू शकतं, पण अशी मासिकं राहिली किती. 'अंतर्नाद'सारखं मासिक बंद झालं, 'सत्यकथा' तर 1982 मध्येच थांबलं, त्यामुळे एवढ्या लांबीचं गद्य मराठीत छापायची जागा म्हणजे आता प्रामुख्याने दिवाळी अंकच आहे. तसंच कोकणातल्या कातळशिल्पांचं. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर, म्हणजे कातळाच्या सपाट माळांवर, दगडात कोरलेली माणसं, हत्ती, मासे, ही चित्रं स्थानिक लोकांनी आणि हौशी शोधकांनी कशी पायी फिरून शोधली ते मी एका अंकात सविस्तर वाचलं, 2022 मध्ये ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आली त्याची बातमी पेपरात चार ओळींची होती आणि त्यामागची पायपीट दिवाळी अंकात होती. चारशे रुपये मी अशा एका लेखासाठी आनंदाने देते, बाकी अंक कसाही असो.

आणि इथेच मला अपेक्षा आणि अनुभव ह्यांचा मेळ कुठे बसतो ते दिसतं. अंकाने जेवढं नेमकं कबूल केलेलं असतं तेवढा तो पुरा पडतो. 'धनंजय' आणि 'चंद्रकांत' घेणाऱ्याला रहस्य, गूढ, थरार हवा असतो, तो मिळतो, त्या अंकांची साहित्यिक वर्तुळात चर्चा कमी होते पण त्यांचे वाचक पिढ्यानपिढ्या टिकून आहेत, आमच्या ओळखीत एक आजोबा फक्त तेवढेच अंक घेतात आणि त्यांची तक्रार म्हणून काही नसते. 'भवताल' पर्यावरणाबद्दल असतो, तुम्हाला पाणी, माती, जंगल ह्यात रस असेल तर घ्या, नसेल तर सोडा, त्याने तुम्हाला दुसरं काही देऊ केलेलंच नाही. ज्यांना भविष्य बघायचं असतं ते 'धनुर्धारी' किंवा 'ग्रहांकित' घेतात आणि सरळ आपल्या राशीच्या पानावर जातात. मुलांसाठी बालभारतीचा 'किशोर', 1971 पासून निघणारं मासिक, त्याचा दिवाळी अंक किमतीच्या मानाने मला सगळ्या अंकांत वरचा वाटतो, चित्रं चांगली, लिहिणारे चांगले, आणि मुलांना बाळबोध समजून लिहिलेलं नसतं. जुने 'किशोर' बालभारतीने ऑनलाइन फुकट ठेवलेत ते तर खजिनाच आहे, घरात वाचायला शिकलेलं मूल असेल तर आजच बघा. 'साधना'चा बालकुमार अंकही असाच, बारीकसा आणि भरीव.

घोळ होतो तो सगळ्यांसाठी सगळं देऊ म्हणणाऱ्या अंकांत. दोन कथा, एक परिसंवाद, एक नटीची मुलाखत, एक प्रवासवर्णन, एक आरोग्य, मध्ये फराळाच्या रेसिपी, शेवटी राशिभविष्य. वाईट काहीच नसतं, पण संपवून खाली ठेवला की काय वाचलं ते आठवत नाही. परिसंवाद तर बहुतेक ठिकाणी बंदच करावेत असं मला वाटतं. आठ मान्यवरांना एकच प्रश्न पाठवायचा, त्यांनी एकेक पान लिहून द्यायचं, आठही जण साधारण तेच म्हणणार, कुणी कुणाचं वाचलेलं नसतं त्यामुळे वाद नाही, संवादही नाही. एकाच माणसाला आठ पानं देऊन बघा ना.

कथांबद्दल मी जरा हळवी आहे. दीर्घकथा हा प्रकार मराठीत दिवाळी अंकांनीच जगवलाय, पंचवीस-तीस पानांची कथा, जी कादंबरी नाही आणि छोट्या कथेत मावत नाही, तिला दुसरीकडे जागाच नाही. चांगली दीर्घकथा मिळाली की लक्ष्मीपूजनानंतरची दुपार सार्थकी लागते. पण त्या मिळणं फार अनिश्चित झालंय. बऱ्याच कथा टीव्ही मालिकेच्या पटकथेसारख्या सुरू होतात, फोन वाजतो, ती दचकते, भूतकाळ, आणि शेवटी एक धक्का. काही कथा नुसत्या विषयावर उभ्या असतात, म्हणजे म्हातारे आईबाप आणि अमेरिकेतला मुलगा, हा विषय आता इतक्या वेळा आलाय की पहिल्या परिच्छेदात शेवट कळतो, आणि अमेरिकेतल्या मुलाच्या बाजूने कुणी काही लिहीतच नाही. नव्या, अनोळखी नावाच्या कथा मात्र मी आवर्जून आधी वाचते. जालना, नांदेड, गडचिरोली, सावंतवाडी अशा ठिकाणांहून लिहिणारी मुलंमुली आहेत, त्यांची भाषा कानाला नवी लागते, आणि 'मुक्त शब्द', 'अक्षर' किंवा 'मौज' अशा अंकांत त्यांना जागा मिळते तेव्हा अनुक्रमणिकेत ती नावं सगळ्यात खाली असली तरी वाचायला तिथूनच सुरुवात करावी असा माझा सल्ला आहे.

कवितांची परिस्थिती बघून वाईट वाटतं. एका पानावर चार कविता, दोन कॉलममध्ये, मध्ये एक वेलबुट्टी, कधी कथेखाली जागा उरली म्हणून एक कविता. कवितेला पानावर मोकळी जागा लागते ही अगदी प्राथमिक गोष्ट आहे, आणि निदान एका कवीला एक पान एवढं तरी द्यायला हवं. दहा कवी कमी घ्या.

हास्यचित्रांचंही तसंच. 'आवाज'ची खिडकी चित्रं ज्यांनी बघितली नाहीत त्यांच्यासाठी सांगते, पानाला खिडकीसारखी कापलेली झडप असते, बंद असताना एक चित्र दिसतं, आपल्या मनात भलताच अर्थ येतो, आणि झडप उघडली की खालचं चित्र दिसून अर्थ साफ बदलतो. वाचकाच्या अपेक्षेवरच रचलेला खेळ, आणि तो छापायला, कापायला खर्च येत असूनही अंकाने तो केला. शि. द. फडणीसांची 'मोहिनी'ची मुखपृष्ठं, एक शब्द नाही, नुसतं चित्र आणि रंग, घरातलं लहान पोर आणि आजी दोघं एकदम हसणार. आता बऱ्याच अंकांत हास्यचित्र म्हणजे लेख संपल्यावर उरलेल्या जागेत काडेपेटीएवढं छापलेलं काहीतरी, ओळी वाचता येत नाहीत, चित्रकाराचं नाव तर भिंग घेऊन शोधा. मराठीत इतके चांगले व्यंगचित्रकार आहेत, त्यांना पूर्ण पान द्यायला काय हरकत आहे.

जाहिरातींवर मी रागावत नाही. त्या नसत्या तर अंकाची किंमत दुप्पट झाली असती हे उघड आहे, सहकारी बँका, सराफ, बिल्डर, मसालेवाले ह्यांच्या पैशावरच हा सगळा डोलारा उभा आहे. माझी तक्रार जागेबद्दल आहे. कथा ऐन रंगात आलीय आणि मध्येच चार रंगीत पानं फ्लॅटची, आणि मग 'उर्वरित मजकूर पान 187 वर', तिथे गेलं तर दुसऱ्याच लेखाचा शेवट. जाहिराती एकगठ्ठा पुढे-मागे टाकणारे, किंवा निदान दोन लेखांच्या मध्ये टाकणारे अंक आहेत, म्हणजे ते जमतं. आणि प्रूफं! जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरं तुटतात, 'ऱ्या'चं काहीतरी विचित्र होतं, अवतरणचिन्हं उलटी पडतात, हे एकदा कुणी डोळ्याखालून घातलं तरी दिसेल इतकं ठळक असतं. एका नावाजलेल्या अंकात तर एका लेखाचा शेवटचा परिच्छेदच छापला गेला नव्हता, लेख मधेच संपला, मी दोनदा पान उलटून बघितलं, आणि पुढे कुठे दिलगिरीही आली नाही. त्या लेखकाला काय वाटलं असेल. चारशे रुपये घेताय तर मुद्रितशोधकाला त्यातले नीट पैसे द्या, एवढीच मागणी आहे.

सगळे अंक विकत घेणं परवडत नाही, त्यामुळे लायब्ररीच्या दिवाळी अंक योजनेबद्दल लिहायलाच हवं. एकरकमी वर्गणी आणि थोडी अनामत भरायची आणि मार्चपर्यंत हवे तेवढे अंक बदलून न्यायचे, बऱ्याच गावांत आणि उपनगरांत अशी योजना असते आणि पैशांच्या हिशेबात ही सर्वात उत्तम सेवा आहे ह्यात शंका नाही. पण जाहिरातीत 'दोनशेहून अधिक अंक' असतं ते वाचून हुरळून जाऊ नका. दोनशे असतात खरे, पण ज्यांची चर्चा आहे त्यांच्या दोन-दोन प्रती आणि त्या कायम बाहेर. मी ज्या लायब्ररीत जाते तिथे नोव्हेंबरभर काउंटरवर आरोग्य, वास्तुशास्त्र आणि रेसिपीचेच अंक दिसायचे, नंबर लावायची सोय नाही, ज्याच्या नशिबात त्याला मिळेल. मग जानेवारी उजाडला की गर्दी ओसरते आणि चांगले अंक आपोआप समोर येतात, पानं थोडी सुटलेली, कुणीतरी पेन्सिलने खुणा केलेल्या. मला आता फेब्रुवारीतलं दिवाळी अंक वाचन सगळ्यात आवडतं. तोवर कौतुकाच्या पोस्ट थांबलेल्या असतात, महाराष्ट्र साहित्य परिषद वगैरे संस्थांच्या पारितोषिकांची चर्चा सुरू झालेली असते त्यातून एखादं राहिलेलं नाव कळतं, आणि लेख त्याच्या स्वतःच्या बळावर वाचला जातो. सण संपल्यावरही जो लेख वाचावासा वाटतो तो खरंच चांगला असतो.

परदेशात किंवा महाराष्ट्राबाहेर असणाऱ्यांचा प्रश्न वेगळा. टपालखर्च अंकाच्या किमतीच्या वर जातो, म्हणून माझी बहीण जर्मनीत पीडीएफ घेते. दोन कॉलममधली पीडीएफ फोनवर वाचणं म्हणजे बोटाने पान वर-खाली, डावी-उजवी करत राहणं, दहा मिनिटांत माणूस कंटाळतो. छापील अंकाचीच पीडीएफ करून तिला डिजिटल आवृत्ती म्हणणं थांबायला हवं, स्क्रीनसाठी मजकूर वेगळा मांडावाच लागतो. ते कसं करायचं हे ऑनलाइन दिवाळी अंकांनी केव्हाच दाखवून दिलंय. 'मायबोली', 'मिसळपाव', 'ऐसी अक्षरे' ह्या मराठी संकेतस्थळांनी काढलेले अंक बघा, हौसेने, बिनपैशाने काम करणाऱ्या लोकांनी केलेले, आणि त्यातल्या काही मुलाखती आणि लेख छापील अंकांच्या तोडीचे आहेत, लांबीची भीती नाही, जाहिरात मध्ये येत नाही, अक्षर मोठं करता येतं. तिथेही सगळं चांगलं असतं असं नाही, हौसेचं कच्चं लिखाण बरंच असतं, पण मी त्यासाठी काही मोजलेलं नसतं त्यामुळे एक लेख चांगला निघाला तरी समाधान वाटतं.

तर स्टॉलवर उभं राहून पाच मिनिटांत अंक कसा ओळखायचा ह्याची माझी पद्धत सांगते, पटली तर वापरा. आधी संपादकीय वाचा. त्यात जर दिवाळी म्हणजे प्रकाशाचा उत्सव वगैरे असेल आणि अंकात काय आहे ह्याची नुसती यादी असेल तर अंक खाली ठेवला तरी चालेल. संपादकाने हा विषय ह्याच वर्षी का घेतला, कुणाला कशासाठी लिहायला सांगितलं, हे दोन ओळीत जरी असलं तरी आत काम झालेलं आहे. मग अनुक्रमणिकेत पानांचे आकडे बघा, नावं नंतर. प्रत्येक लेख तीन-तीन पानांचा असेल तर तो अंक चाळायचा आहे, एखाद-दोन लेख दहा पानांच्या पुढचे असतील तर तो वाचायचा आहे. एका लांब लेखाच्या मधलं कुठलंही पान उघडून एक परिच्छेद वाचा, सुरुवात सगळ्यांचीच घासूनपुसून केलेली असते, मधलं पान खोटं बोलत नाही. आणि सगळ्यात शेवटी जाहिरात कथेच्या मध्ये आहे का ते बघा.

ज्यांना एकच अंक घ्यायचाय त्यांनी स्वतःच्या आवडीचा एका विषयाचा अंक घ्यावा. ज्यांना दोन परवडतात त्यांनी दुसरा असा घ्यावा ज्यात निदान एक लांब रिपोर्ताज आहे, आणि बाकीच्यांसाठी लायब्ररीची वर्गणी भरून टाकावी, पण जानेवारीनंतर जोर लावावा. डिसेंबरात काही दुकानांत उरलेले अंक सवलतीत मिळतात, तेव्हाही एक चक्कर मारा, उशिरा छापून आलेले काही अंक दिवाळी उलटल्यावरच दुकानात पोचतात आणि त्यांच्याकडे कुणाचं लक्षच गेलेलं नसतं, मागच्या खेपेला मला तिथे लोकदेवतांच्या जत्रांवरचा एक पूर्ण अंक निम्म्या किमतीत मिळाला आणि तो अजून माझा वाचून संपलेला नाही.